पंट चुकला आणि लेक बोलेनाशी झाली

एका वाचकाचं लांबलचक पत्र आलंय. नाव, गाव आणि संघ गाळून त्याचा गोषवारा देते.

वय अठ्ठेचाळीस. २००१ साली नागपूरहून एम.एस. करायला अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात आले, नोकरीही त्याच गावात लागली आणि तिथलेच झाले. विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाची दोन सीझन तिकिटं दहा वर्षांपासून त्यांच्याकडे आहेत, एक त्यांचं आणि एक लेकीचं. यंदा संघ तीन सामने अगदी थोडक्यात हरला. तिन्हींत घात केला तो स्पेशल टीम्सनी, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या वेळी उतरणाऱ्या वेगळ्या तुकड्यांनी, असं त्यांचं म्हणणं. एकदा पंट (लाथेने लांब मारायचा चेंडू) ब्लॉक झाला, म्हणजे मारतानाच समोरच्यांनी अडवला. एकदा पंटरच्या पायावरून चेंडू तिरका सुटला आणि वीस यार्डांवर मैदानाबाहेर गेला. एकदा समोरच्यांचा पंट झेलताना आपल्याच माणसाच्या हातून चेंडू निसटला. तिसऱ्या पराभवाच्या रात्री त्यांनी पंटरला, म्हणजे ऑस्ट्रेलियाहून आलेल्या वीस वर्षांच्या मुलाला, इन्स्टाग्रामवर थेट मेसेज केला. "शिवी एकही नव्हती. 'जमत नसेल तर दुसऱ्याला जागा दे, आमच्या शनिवारांची माती करू नकोस,' एवढंच लिहिलं." त्याचा स्क्रीनशॉट मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. तो सतरा वर्षांच्या लेकीच्या नजरेस पडला. ती म्हणाली, "बाबा, तो माझ्याहून तीनच वर्षांनी मोठा आहे." त्यानंतरच्या घरच्या दोन्ही सामन्यांना ती गेली नाही, आणि जेवतानाही कामापुरतंच बोलते. पत्नी म्हणते, तिकिटंच सोडून दे, कटकट मिटेल. त्यांचे प्रश्न असे: माझी तक्रार चूक आहे का? पैसे भरणाऱ्या प्रेक्षकाने बोलूच नये का? आणि एका खेळापायी लेक इतकी का दुरावली?

तुमची तक्रार चूक नाही. हे आधीच सांगून टाकते. हातातोंडाशी आलेले तीन सामने गेले की माणूस चिडणारच. मी मिशिगनमध्ये राहते, त्यामुळे पंटपायी आलेला राग काय असतो ते मला वेगळं सांगायला नको. ती गोष्ट पुढे येईलच.

ज्यांनी हा खेळ कधी पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. चार संधींत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं. तीन संधी वाया गेल्या की चौथीला बहुतेक वेळा चेंडू लाथेने लांब मारून समोरच्यांच्या हवाली करतात, म्हणजे निदान त्यांना दुरून सुरुवात करावी लागते. हा पंट. लहानपणी विटी-दांडू खेळलेल्यांना हे लवकर कळेल, फक्त एक गोष्ट उलटी आहे. विटी उंच उडाली की झेल जायचा, म्हणून आपण ती सपाट आणि लांब मारायचो. इथे चेंडू उंच जाऊन बराच वेळ हवेत राहावा लागतो, म्हणजे तेवढ्यात आपली माणसं धावत झेलणाऱ्याच्या छातीवर पोचतात. साडेचार सेकंद हवेत राहिला तर उत्तम.

आता तुमचं पत्र मी तुम्हालाच परत वाचून दाखवते. तुम्ही तीन अपघात सांगितलेत. त्यातल्या तिसऱ्यात, जिथे झेल सुटला, तिथे पंट समोरच्या संघाने मारला होता. तुमचा पंटर तेव्हा मैदानावर नव्हताच. तो बाकावर बसून पाणी पीत असेल. पहिल्यात पंट ब्लॉक झाला. स्नॅप टाकणारा खेळाडू पायांमधून साधारण पंधरा यार्ड मागे चेंडू फेकतो, आणि तिथपासून तो पायावरून सुटेपर्यंत सगळं मिळून दोन सेकंदांच्या आसपास उरकावं लागतं. स्नॅप खाली आला, बाजूला गेला, पंटरच्या पुढे उभ्या आपल्याच माणसांच्या भिंतीतल्या एखाद्याने चुकीचा माणूस अडवला, की पंटर बिचारा आयताच सापडतो. कधीकधी तो स्वतःच रेंगाळतो, हेही खरं. पण ब्लॉक झालेल्या पंटचा पहिला संशय पंटरवर घ्यायचा नसतो. उरला मधला. तो तिरका सुटलेला चेंडू मात्र त्याचाच, त्यात शंका नाही.

म्हणजे तिनांतला एक. मेसेज मात्र तिन्हींचा गेला, आणि तो एकट्या त्यालाच.

हे असं का होतं, याचा मी बराच विचार केलाय. स्पेशल टीम्समध्ये अकरा माणसं असतात, पण आपल्याला नाव एकाचंच ठाऊक असतं. चेंडूला शेवटचा पाय त्याचा लागतो आणि कॅमेराही त्याच्यावरच थांबतो. भिंतीतला डावीकडून तिसरा कोण, हे घरी विचारून पाहा. तुम्हालासुद्धा सांगता येणार नाही, दहा वर्षांची तिकिटं असूनही. कॉलेजच्या नियमांत भिंतीतल्या माणसांना स्नॅप होताच पुढे पळता येतं. व्यावसायिक लीगमध्ये लाथ बसेपर्यंत फक्त दोन टोकांचे दोघेच सुटू शकतात. म्हणून बरेच कॉलेजवाले पंटरच्या पुढे तीन धिप्पाड माणसांची ढाल उभी करतात आणि बाकीच्यांना सोडून देतात. फायदा असा की झेलणाऱ्यावर सगळे लवकर तुटून पडतात. तोटा असा की ढालीतल्या एकाचंही पाऊल चुकलं तर मागे वाचवायला कोणी नसतं. हा जुगार प्रशिक्षकाने ठरवलेला असतो. वीस वर्षांच्या मुलाला त्यात कोणी विचारत नाही.

आणि आकडे बघायचेच असतील तर नीट बघा. पंट किती लांब गेला, हा आकडा टीव्हीवाले मोठ्या अक्षरात दाखवतात. पन्नास यार्ड गेलेला, पण समोरच्याने वीस यार्ड परत आणलेला पंट हा चाळीस यार्डांवर मुकाट्याने झेलावा लागलेल्या पंटपेक्षा वाईट असतो. समोरच्यांच्या पंचेचाळीस यार्डांच्या रेषेवरून मारलेला चेंडू थेट एंड झोनमध्ये, म्हणजे गोलरेषेमागच्या पट्ट्यात, गेला तर कागदावर पंचेचाळीस दिसतात. पण चेंडू वीसच्या रेषेवर आणून ठेवतात, म्हणजे हाती लागले पंचवीसच. तेव्हा निव्वळ यार्ड मोजा. तुमच्या संघाचे निव्वळ यार्ड गेल्या वर्षीपेक्षा खरंच घटलेत का, हे तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही. नोकरीत संगणकाचे एवढे लॉग (नोंदी) वाचणारा माणूस, हे बघायचं राहून गेलं, याचं मला जरा आश्चर्य वाटलं.

नोकरीचा विषय निघालाच आहे. पत्राच्या कोपऱ्यात तुम्ही लिहिलंय की तुम्ही ऑन-कॉल सपोर्ट बघता, आणि "दुसऱ्यांनी घाण करायची आणि रात्री दोनला फोन मला" असा त्रागाही केलाय. पंटरचं काम याहून वेगळं काय असतं? त्याला बोलावतात तेच मुळी बाकीच्यांचं फसल्यावर.

याचं मासलेवाईक उदाहरण आयोवा विद्यापीठाचं. २०२३च्या हंगामात त्यांच्या टोरी टेलर या मेलबर्नच्या पंटरने ९३ पंटांत ४,४७९ यार्ड मारले आणि एका हंगामातला राष्ट्रीय विक्रम केला. आधीचा विक्रम मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या जॉनी पिंगेलचा, थेट १९३८ सालचा. टेलरला देशातल्या सर्वोत्तम कॉलेज पंटरचा रे गाय पुरस्कार मिळाला, शिकागो बेअर्स या व्यावसायिक संघाने पुढच्या वर्षी खेळाडू निवडीच्या चौथ्या फेरीत त्याला उचललं, आणि आयोवात 'पंटिंग इज विनिंग' लिहिलेले टी-शर्ट लोक मिरवत होते. कौतुक रास्तच होतं. पण ९३ पंट म्हणजे १४ सामन्यांत ९३ वेळा आयोवाचं आक्रमण अडकलं. त्या वर्षी त्यांची सरासरी होती सामन्यामागे १५.४ गुण. पंटरचा विक्रम आणि आक्रमणाची दैना हे एकाच नाण्याच्या दोन बाजू होत्या, आणि तरीही संघाने दहा सामने जिंकले. त्याच्या आदल्या हंगामात तर त्यांनी साउथ डकोटा स्टेटला एकही टचडाउन न करता, म्हणजे चेंडू एकदाही गोलरेषेपार न नेता, ७-३ हरवलं होतं. एक फील्ड गोल (लाथेने खांबांमधून मारलेला, तीन गुणांचा), आणि समोरच्यांना दोनदा त्यांच्याच गोलरेषेमागे गाठून मिळवलेले दोन-दोन गुण. अशी गचांडी धरता येते कारण कोणीतरी चेंडू नेमका त्यांच्या उंबऱ्यावर नेऊन ठेवलेला असतो.

तेव्हा तुमच्या रागाला मी एक प्रश्न विचारते. त्या तीन सामन्यांत पंट मारायची वेळ किती वेळा आली? आणि त्याआधीच्या तीन संधींत काय झालं, हे तुम्हाला आठवतंय का?

आता आमची गोष्ट. १७ ऑक्टोबर २०१५, मिशिगन विद्यापीठाचं गाव ॲन आर्बर. मिशिगन २३, मिशिगन स्टेट २१, आणि घड्याळात दहा सेकंद. मिशिगनने एक पंट मारायचा आणि घरी जायचं. आमच्या बैठकीत आठ-दहा मराठी माणसं, मधे चिवड्याचं ताट, आणि एकाने तर गाडीच्या किल्ल्याही हातात घेतलेल्या. स्नॅप खाली आला. पंटर ब्लेक ओ'नील, हाही ऑस्ट्रेलियाचाच, याच्या हातात चेंडू बसला नाही. तो उचलून मारायच्या धडपडीत चेंडू उडाला तो समोरच्या जेलन वॉट्स-जॅक्सनच्या हातात, आणि तो ३८ यार्ड पळत गेला. घड्याळ शून्यावर, मिशिगन स्टेट २७-२३. त्या धावेच्या शेवटी झालेल्या ढिगाऱ्यात वॉट्स-जॅक्सनच्या खुब्याला जबर दुखापत झाली, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आलं नाही. आमच्यातले एक डॉक्टर, एरवी मुंगीला वाट देणारा माणूस, ओ'नीलबद्दल जे बोलले ते इथे छापता येणार नाही. मीही त्यांना गप्प केलं नाही. त्याच सामन्यात ओ'नीलने ८० यार्डांचा एक पंट मारला होता. तो त्या रात्री कोणी काढला नाही.

त्याला नंतर समाजमाध्यमांवर जिवे मारण्यापर्यंतच्या धमक्या आल्या. विद्यापीठाचे तेव्हाचे हंगामी क्रीडा संचालक जिम हॅकेट यांना जाहीर पत्र लिहून चाहत्यांचे कान उपटावे लागले. (हेच हॅकेट पुढे फोर्ड कंपनीचे प्रमुख झाले.) तुमच्या मेसेजमध्ये धमकी नव्हती, शिवीही नव्हती, हे मान्य. पण त्या रात्री त्या मुलाच्या फोनवर तुमचा एकट्याचाच मेसेज आला असेल का? शंभर जणांनी एकेक चिमटा काढला तर प्रत्येक जण म्हणू शकतो, मी तर चिमटाच काढला.

"मी पैसे भरतो" हा तुमचा मुद्दा मी झटकणार नाही. तुमचे मित्र ग्रुपवर म्हणतात ना, "आता ही पोरं पगारी आहेत, ऐकून घ्यायला हवं"? त्यात थोडं तथ्य आहे. जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी एका विद्यापीठामागे सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत. 'बिचारी हौशी मुलं' हे जुनं चित्र आता पुरतं खरं राहिलेलं नाही. पण हा पैसा पंटरपर्यंत किती झिरपतो, हा वेगळा हिशेब. आणि तुमचा पंटर परदेशी आहे. तुम्ही स्वतः एफ-वन, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर आलात. कॅम्पसबाहेर चार पैसे कमवायची काय धास्ती असायची, आठवतं? तोच व्हिसा घेऊन हे ऑस्ट्रेलियन पोरगे येतात. जाहिरातींचा जो पैसा शेजारच्या लॉकरमधला मुलगा उघड घेतो, त्याच्या वाटेला जायला यांना वकील गाठावा लागतो. त्यातले कित्येक ऑस्ट्रेलियन रूल्स हा तिकडचा फुटबॉल खेळून, मेलबर्नच्या प्रोकिक ऑस्ट्रेलियासारख्या ठिकाणी तयार होऊन येतात आणि इथे येण्याआधी या खेळाचा एक सामनाही खेळलेले नसतात. आई-बाप पंधरा-सोळा तासांच्या वेळेच्या फरकापलीकडे. तुमची आई नागपूरला होती, तसेच.

पैसे भरलेत तर तक्रार जरूर करा, पण पगार घेणाऱ्याकडे. तुमच्या संघात स्पेशल टीम्सचा स्वतंत्र प्रशिक्षक आहे, की टाइट एंड्स (आक्रमणातले एका जागेचे खेळाडू) सांभाळणाऱ्याच्या गळ्यात हेही काम मारलंय? सराव आठवड्याला वीस तासांपुरता मर्यादित असतो. त्यातला किती वेळ पंटच्या बचावाला मिळतो? २०२५ पासून संघात १०५च खेळाडू ठेवता येतात. पूर्वी संघ याहून मोठे असायचे, आणि त्यांत शिष्यवृत्तीशिवाय खेळणारी, स्पेशल टीम्समध्ये जीव तोडून धावणारी मुलं बरीच असायची. त्यांची जागा कोणी घेतली? मुख्य प्रशिक्षकांचा बहुतेक विद्यापीठांत आठवड्याला एक रेडिओ कार्यक्रम असतो आणि त्यात लोकांचे प्रश्न घेतात. तिथे फोन करून हे विचारा. क्रीडा विभागाला ईमेल लिहा, नाव-गावासकट. रात्री बारानंतर नको, सोमवारी दुपारी.

आणखी एक नाजूक गोष्ट. तुम्ही पैजेबद्दल काही लिहिलेलं नाही, म्हणून तुमच्यावर घेत नाही. पण अशी पत्रं लिहिणाऱ्या इतर वाचकांना विचारते: त्या सामन्यावर पैसे लागले होते का? वीस डॉलर का असेनात, ग्रुपमध्ये गमतीने का असेनात. फोनवर सट्टा सोपा झाल्यापासून कॉलेजच्या मुलांना येणाऱ्या अशा मेसेजांमागे हे एक मोठं कारण आहे. ओहायोने तर २०२४ मध्ये कॉलेजच्या एकेका खेळाडूच्या कामगिरीवर पैसे लावायलाच बंदी केली. पैसे लागले असतील तर राग खेळाचा नसून खिशाचा आहे, आणि त्याचा इलाजही निराळा.

पंटरची माफी मागावी का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण पुढच्या पत्रात विचाराल. दोन्ही बाजू आहेत. एका ओळीची माफी, स्पष्टीकरण न देता, पाठवली तर बिघडत काही नाही. पण मला विचाराल तर नका पाठवू. त्याला आणखी एक नोटिफिकेशन कशाला? मेसेज काढून टाकता येत असेल तर काढा. ग्रुपवर मात्र लिहा. ज्या ठिकाणी स्क्रीनशॉट टाकलात, त्याच ठिकाणी "तो मेसेज मी पाठवायला नको होता, तिनांतली एकच चूक त्याची होती" असं मराठीत, स्वच्छ. दोघं-तिघं टिंगल करतील. करू देत.

आता लेक. तुम्ही लिहिलंय, "एका खेळापायी." मला नाही वाटत ती खेळावर रुसली आहे. पत्रात आणखी एक ओळ तुम्ही घाईत लिहून पुढे गेलात: ती शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. म्हणजे दर शुक्रवारी रात्री ती शाळेच्या सामन्याला मैदानाच्या कडेला असते. किक चुकवून परतलेला मुलगा बाकाच्या टोकाला जाऊन कसा बसतो, हेल्मेट काढत नाही, हे ती तीस फुटांवरून बघते. स्टँडमधून त्याला काय काय ऐकवलं जातं, तेही तिला ऐकू येतं. ओरडणारी ती माणसं तिच्या लेखी परकी होती. मग एक दिवस त्यातला एक आवाज तिच्या घरात निघाला.

दुसरंही कारण असू शकतं. पुढच्या वर्षी ती कॉलेजला जाईल, चुका करेल. तिचा निकाल तिरका सुटला तर बाबा काय म्हणतील, याचा अंदाज तिने त्या स्क्रीनशॉटवरून बांधला असेल. माझा हा तर्क चुकीचाही असेल. तुम्ही तिला विचारा, पण "तू का चिडलीस" असं नको. तुमचं काय चुकलं ते आधी तुम्ही सांगा, मग गप्प बसा. गप्प बसणं अवघड जाईल, पत्राच्या लांबीवरून दिसतंच आहे. तिला समजावायला टोरी टेलरचे आकडे काढू नका. ते तुमच्यासाठी होते.

तिकिटांबाबत मी तुमच्या पत्नीशी सहमत नाही, पण त्यांचं म्हणणं मला कळतं. त्यांना तिकिटांचा त्रास नाही, शनिवारी रात्री घरात जे वातावरण असतं त्याचा आहे. तेव्हा नूतनीकरणाची नोटीस येईल तेव्हा ठरवा, आत्ता नोव्हेंबरच्या रागात नको. मधल्या काळात हरल्यावर दोन तास फोन गाडीच्या डिकीत ठेवायचा नियम करून बघा. आमच्या त्या डॉक्टरांनी २०१५ नंतर तो केला आणि अजून पाळतात. एकदाच मोडला, तेही सून बाळंत होती म्हणून.

उरलेल्या घरच्या सामन्याला लेकीला एकदाच विचारा, "येतेस का?" नाही म्हणाली तर तिची जागा ग्रुपमधल्या कोणाला देऊ नका. रिकामी ठेवा, त्यावर जॅकेट ठेवा. टेलगेटला, म्हणजे सामन्याआधी गाड्यांपाशी जमणाऱ्या खाण्यापिण्याच्या मेळ्याला, वडापाव न्या, थंडीत बरे लागतात. आणि पंटची वेळ आली की एरवीसारखे बाथरूमला पळू नका. भिंतीत डावीकडून तिसरा कोण उभा आहे, ते एकदा बघून ठेवा.